८० सेंटिमीटरचं ईपीपी फोमचं ‘याक’ किट : अख्खा पावसाळा उडवून पाहिलं

जूनच्या पहिल्या आठवड्यात रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचं हे किट घेतलं, आता दसरा होऊन गेला. गणपती आणि नवरात्रातले रविवार सोडले तर एकही रविवार चुकवला नाही, म्हणून आता लिहायला बसलोय. फोमचं विमान कसं आहे हे खोका उघडून कळत नाही. भिंतीवर, खांबावर, जमिनीवर पन्नासेक वेळा आदळलं की मग कळतं.

आधीच सांगून टाकतो : घ्या. बंद हॉलमध्ये कसरतीचं विमान उडवायला शिकायचं असेल तर या पैशात यापेक्षा चांगली सुरुवात माझ्या पाहण्यात नाही. फक्त खोक्यातला मोटर बसवायचा प्लायचा तुकडा आणि शेपटीच्या सर्व्होच्या (विमानाचे हलते भाग हलवणारी चिमुकली मोटर) दांड्या आहेत तशा लावू नका. त्याचं कारण पुढे सांगतो.

किटमध्ये काय मिळतं? ९ मिलिमीटर जाडीच्या ईपीपीतून कापलेले पंख, आडवी-उभी बॉडी आणि शेपटी, कार्बनच्या पट्ट्या आणि दांड्या, सर्व्होची दांडी अडकवायचे हॉर्नचे तुकडे, फोमची दोन चाकं आणि एक पानभर सूचना. आकार याक-५५ चा. १९८१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे रशियन कसरतीचं विमान. त्याचा पंख जाड आणि वरून-खालून सारखा असतो, म्हणजे सुलटं काय नि उलटं काय, विमानाला दोन्ही सारखंच. फोमच्या किटमध्ये पंख सपाट पाटीसारखा असला तरी तोच गुण टिकतो. मी २,६०० रुपये दिले. मोटर, तिचा वेग सांभाळणारं सर्किट म्हणजे ईएससी, तीन सर्व्हो आणि दोन बॅटऱ्या धरून आणखी साडेतीन हजारांच्या आसपास गेले. रिमोट आणि रिसिव्हर माझ्याकडे होतेच. किट लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून घेतलं, ऑनलाइन मागवलं नाही, कारण फोम हातात घेऊन बघायचा होता.

फोम हाताला कळतो, हे मी उगाच म्हणत नाही. परळच्या आमच्या खोलीत दर वर्षी आषाढापासून थर्माकोलची मखरं व्हायची. आबा गिरणीतून सुटल्यावर हेच काम करायचे, मी शाळेतून आल्यावर. लाकडी चौकटीत ताणलेली नायक्रोमची तार, खाली जुना ट्रान्सफॉर्मर. तार किती तापली ते आबा बघून नाही, वासावरून ओळखायचे. जास्त तापली की थर्माकोलची कड वितळून आत जाते आणि कमानीला खड्डा पडतो. कमी तापली की दाणे ओढले जातात. २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात बंदी आली आणि ते काम थांबलं. थांबलं ते बरंच झालं, विसर्जनानंतर चौपाटीवर काय दिसायचं ते आम्हीही बघितलं होतं. पण हात तयार होता तो तयारच राहिला.

म्हणून दुकानात सगळ्यात आधी पंखाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड सरळ होती, तारेची एकही लाट नाही. ईपीपीसुद्धा दाण्यांचाच फोम असतो, पण थर्माकोलचा दाणा नखाने सुटतो तसा याचा सुटत नाही. पंखाचं टोक धरून दुसऱ्या टोकाला टेकवलं, सोडलं, पुन्हा सरळ. मोटारीच्या बंपरच्या आत धक्का सोसायला हाच फोम भरतात. दुकानदार म्हणाला, “दादा, वाकवा बिनधास्त, मोडणार नाही.” तेवढं त्याचं शंभर टक्के खरं निघालं.

आता वजनाबद्दल. सोनार वापरतात तसला छोटा काटा माझ्याकडे आहे आणि मी एकेक वस्तू त्यावर ठेवत गेलो. नुसता फोम ५२ ग्रॅम. कार्बन १४. मोटर तिच्या माउंटसकट २१, ईएससी ९, सर्व्हो एक ९ ग्रॅमचा आणि दोन ५-५ ग्रॅमचे, रिसिव्हर ५, दोन सेलची ४५० एमएएचची बॅटरी २९, आठ इंची प्रॉप (नाकावरचा पंखा) आणि तो रबराने धरून ठेवणारा प्रॉप सेव्हर ५, चाकं आणि त्यांच्या दांड्या ६. डिंक, हॉर्न आणि किरकोळ वायर ८. बेरीज १६८. खोक्यावर छापलंय १५० ग्रॅम. मी डिंकात अजिबात हात सैल सोडलेला नाही, तरी १५० होत नाही. तो आकडा बहुधा लहान बॅटरी धरून लिहिला असावा, आणि तसं असेल तर तसं छापायला हवं होतं. १८ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं बाहेरून वाटतं. इथे पंखाचं क्षेत्रफळच जेमतेम १८ चौरस डेसिमीटर आहे, त्यामुळे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर पूर्ण एक ग्रॅम वाढतो, आणि हॉलमध्ये तो ग्रॅम वळताना जाणवतो. जड विमानाला हवेत टिकायला वेग लागतो. वेग वाढला की समोरची भिंत लवकर येते.

आमच्या रविवारच्या मंडळींत एक काका आहेत, परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी माझं विमान तळहातावर घेऊन त्यांनी सांगितलं, “डिंक म्हणजे मेलेलं वजन. ते ओढत नाही, वळवत नाही, नुसतं बसून राहतं.” मला आबा आठवले. मखराच्या दोन तुकड्यांना फेविकॉल लावल्यावर ते बोटाने निपटून काढायचे आणि ते बोट पुढच्या जोडाला पुसायचे.

या किटला मी यूएचयू पोर हा फोमचा डिंक वापरला. दोन्ही बाजूंना लावायचा, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने पातळ ओढायचा, दहा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचं. एकदा दाबलं की सरकवता येत नाही, म्हणून आधी कोरडी जुळणी करून पेन्सिलने खुणा करा. कार्बनच्या पट्टीला मात्र झटपट डिंक (फेविक्विकसारखा) चालतो. ईपीपीला तो खात नाही. थर्माकोलला आणि डेप्रॉन नावाच्या पातळ फोमला खातो, जोडायला गेलं की समोर भोक पडत जातं, त्यामुळे पुढे डेप्रॉनचं विमान करणार असाल तर ही सवय तिथे नेऊ नका. आणखी एक, झटपट डिंक हवेतल्या ओलाव्यावरच धरतो. जुलैत मुंबईच्या हवेत तो इतका पटकन धरतो की पट्टी खाचेत नीट बसायच्या आत अडकते. मी अर्धी पट्टी कोरडी बसवून मग कडेने थेंब सोडत गेलो.

बिजागऱ्यांसाठी मात्र किट बनवणाऱ्याचं मनापासून कौतुक. एलेरॉन, म्हणजे विमान कलतं करणारी पंखाच्या मागची हलती पट्टी, पंखापासून वेगळा कापलेलाच नाही. खालून ४५ अंशांत खाच मारून वर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पदर शिल्लक ठेवलाय. तो पदर हीच बिजागरी. एलेरॉन पूर्ण उलटा, पंखावर पालथा पडेपर्यंत दुमडायचा आणि सोडायचा, असं तीस-चाळीस वेळा. आधी तो हाताला परत ढकलतो, मग हळूहळू सैल होतो आणि शेवटी स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. तो लोंबेपर्यंत थांबा. घट्ट राहिला तर पाच ग्रॅमचा सर्व्हो रडतो, मधोमध परत येत नाही आणि विमान एका बाजूला ओढतं. माझ्या डाव्या एलेरॉनच्या टोकाला पदर बोटभर फाटला होता, तिथे पोरचा पातळ हात दिला. चार महिने झाले, तो जोड बाकीच्या बिजागरीपेक्षा जास्त मजबूत आहे.

मोटर बसवायचा प्लायचा तुकडा मात्र कमकुवत. तो फोमच्या नाकावर समोरून नुसता चिकटवायचा असतो. दुसऱ्याच रविवारी बॅडमिंटनच्या खांबाला नाक लागलं आणि तुकडा फोमचा पापुद्रा घेऊन मोटरसकट बाहेर आला. डिंक सुटला नव्हता, फोम फाटला होता, म्हणजे जोडाची जागाच कमी पडते. दुकानात जाऊन सांगितलं. माणूस भांडला नाही, पण नवीन तुकडा मिळायला तीन आठवडे लागले आणि तोही हुबेहूब तसाच. मधल्या काळात काकांनी सुचवल्याप्रमाणे मी प्लायच्या मागे दोन्ही बाजूंना कार्बनच्या दीड मिलिमीटरच्या दांड्या सहा सेंटिमीटर आत नेल्या, म्हणजे धक्का नाकावर न थांबता बॉडीत पसरतो. दोन ग्रॅम वाढले, वरच्या १६८ मध्ये ते नाहीत. त्यानंतर नाक तीन वेळा चांगलंच बसलंय, मोटर जागची हललेली नाही.

एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी हलती पट्टी) दांडी एक मिलिमीटरची आणि लांब आहे. ढकलताना ती मधून फुगते, एलिव्हेटर अर्धाच हलतो. फोमच्या बारीक चौकोनांना भोक पाडून तीन ठिकाणी आधार दिला तेव्हा सरळ झाली. सूचनांच्या पानावर याचा एक शब्द नाही. एकूणच ते पान किटच्या दर्जाला शोभत नाही : गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून किती मागे ते दिलंय, पण सर्व्हो कुठे बसवले तर तो तिथे येईल ते दिलेलं नाही. मी बॅटरी वेल्क्रोवर ठेवली आणि दिलेल्या खुणेच्या पाच मिलिमीटर पुढे तोल आणला. शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. ज्यांनी लहानपणी पतंग उडवलेत त्यांना हे पटकन कळेल, कण्णी एका बोटाने वर-खाली झाली की तोच पतंग एकदा झोल खातो आणि एकदा ताठ उभा राहतो.

उडवायचं कुठे, हा मुंबईतला खरा प्रश्न. मैदानात हे विमान उडवूच नका. ते माणसाच्या चालीने उडतं, झाडाचं पान हलवणारा वारासुद्धा त्याला घेऊन जातो. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी जे मनाई आदेश काढतात त्यांत ड्रोनबरोबर रिमोटवर चालणाऱ्या हलक्या विमानांचाही उल्लेख असतो. आणि पावसाळ्यात मैदान असतं कुठे? आम्ही आमच्या जुन्या शाळेचा हॉल रविवारी सकाळी साडेसात ते साडेनऊ घेतो. लांबी २२ मीटर, रुंदी १२, उंची आठेक मीटर. बॅडमिंटनवाले आमच्यानंतर येतात आणि त्यांचं आमचं छान जमतं, कारण शटल आणि फोमचं विमान दोघांनाही पंख्याचा वारा चालत नाही. पहिल्या दिवशी वॉचमनकाकांनी आमच्याकडे बघून आपुलकीने विचारलं, “साहेब, घामाघूम झालात, पंखे लावू?” चौघेही एकदम ओरडलो, “नको काका!” ते दचकले. मग विमान हवेत उभं करून दाखवलं तेव्हा त्यांना कळलं. आता तेच आमच्या आधी येऊन खिडक्या बंद करून ठेवतात.

विमान हवेत उभं राहणं म्हणजे काय, ते न पाहिलेल्यांसाठी सांगतो. नाक छताकडे, शेपटी जमिनीकडे, आणि विमान जागच्या जागी टांगल्यासारखं. पंख त्या वेळी काहीच उचलत नसतो, सगळा भार प्रॉपवर. बॅग तोलायच्या काट्याला शेपटी बांधून मी मोजलं, पूर्ण थ्रॉटलला ही मोटर २९० ग्रॅम ओढते. म्हणजे वजनाच्या पावणेदोन पट, आणि म्हणून सुटकेला जागा राहते. वळवायला हवा कुठून येते? प्रॉपचीच. ती थेट रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी पट्टी) आणि एलिव्हेटरवरून जाते, म्हणून या विमानांना शेपटी एवढी मोठी असते. मोटर प्रॉपला एका बाजूला फिरवते तसं विमान स्वतः उलट बाजूला गिरकी घेऊ पाहतं, ती एलेरॉनने थोपवायची. थ्रॉटल तर एकसारखा बोटाखाली जिवंत ठेवावा लागतो. डावा अंगठा दर सेकंदाला चिमूटभर वर, चिमूटभर खाली, जणू पतंगाला ढील आणि खेच एकाच वेळी चालू आहे.

मला ते पहिल्यांदा जमलं सातव्या रविवारी. चारेक सेकंद. पाऊस पत्र्यावर इतका जोरात होता की मोटरचा आवाजच येत नव्हता, नुसतं डोळ्यांनी उडवत होतो. नाक डावीकडे कलंडायला लागलं, रडर दिला, परत उभं राहिलं, आणि त्या क्षणी अंगठ्याला आधी कळलं आणि मला नंतर. मुलगी शेजारी उभी होती, तिने माझ्या बाहीला घट्ट धरलं होतं. त्याआधीच्या सहा रविवारी हेच विमान उभं करायच्या नादात जमिनीवर शेपटीवर, पाठीवर, पंखाच्या टोकावर पडत होतं. दुसऱ्या फोमचं असतं तर सहाव्या रविवारपर्यंत मी पोचलोच नसतो. किटची खरी किंमत वसूल झाली ती इथे.

बाकीचं थोडक्यात. उलटं उडताना एलिव्हेटर अगदी किंचित पुढे धरावा लागतो, फारच समजूतदार. नाइफ एजला, म्हणजे पंख उभे ठेवून कुशीवर उडताना, नाक किंचित चाकांच्या बाजूला ओढलं जातं, ते रिमोटमध्ये मिक्सिंग (रडरबरोबर दुसरा भाग आपोआप हलवायची सोय) देऊन गेलं. नाक ४५ अंश वर ठेवून चालीने फिरणं, ज्याला हॅरिअर म्हणतात, त्यात पंख थोडे डुलतात. ते या जाडीच्या फोमला सुटत नाही. एलेरॉनला सुरुवातीला २० अंशच हालचाल ठेवा आणि एक्स्पो (कांडी मधोमध असताना हालचाल सौम्य करणारी रिमोटची सेटिंग) पन्नास टक्क्यांच्या वर. पूर्ण ४५ अंश मी ऑगस्टमध्ये उघडले. टायमर पाच मिनिटांचा. उतरल्यावर सेल ३.७ व्होल्टच्या खाली जाऊ देत नाही, आणि घरी ठेवताना ३.८ वर आणून स्टीलच्या डब्यात ठेवतो. एक बॅटरी मी मे महिन्यातल्या एका दुपारी पत्र्याखाली विसरलो होतो, जुन्या विमानाची, ती फुगून पेढ्यासारखी झाली. चार्ज होत असताना खोलीतून उठायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. प्रॉप सेव्हरचं रबर हवेने कडक होतं, दर पंधरा दिवसांनी बदला. प्रॉप सुटून उडाला तर चालेल, बोटात बसता कामा नये, म्हणून बॅटरी लावल्यावर विमान नेहमी मागून धरा. मुलीला पहिल्या दिवशी रिमोटच्या आधी हेच शिकवलं.

एक तक्रार मुंबईकर म्हणून. पंख अखंड आहे, ८० सेंटिमीटर. मी भांडुपला राहतो, हॉल परळला. रविवारी पहाटेची स्लो रिकामी असते, टीव्हीच्या पुठ्ठ्यातून बनवलेला चपटा खोका मांडीवर उभा धरून जातो. परतीला मात्र मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत निघावं लागतं, नाहीतर उरलेल्या गाड्यांना जी गर्दी होते तिच्यात हा खोका म्हणजे दारातल्या प्रत्येकाला त्रास. एकदा विक्रोळीला खोका दाबला गेला आणि पंखाला कायमची वाक आली असं वाटलं. घरी दोन जाड पुस्तकांमध्ये दाबून, वरून केस वाळवायच्या ड्रायरची हवा देऊन रात्रभर ठेवला, सकाळी सरळ. फोम क्षमा करतो, पण पंख मधोमध जोडता-सोडता येईल असा दिला असता तर या शहरात त्याची गिऱ्हाइकं दुप्पट झाली असती.

डेप्रॉन घ्यावा की ईपीपी, असं नवे लोक हॉलमध्ये नेहमी विचारतात. डेप्रॉन म्हणजे युरोपात भिंतीच्या कागदामागे आणि लाकडी फरशीखाली घालतात तो पातळ इन्सुलेशनचा फोम. ३ मिलिमीटरचा डेप्रॉन आणि केसासारख्या कार्बनच्या दांड्या घेऊन एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा संघटनेच्या एफ३पी या हॉलमधल्या कसरतीच्या वर्गातले लोक १०० ग्रॅमच्या कितीतरी खाली उतरतात, आणि ती विमानं संगीतावर नाचतात तेव्हा बघत राहावं. आमच्यातल्या एकाचं तसलं विमान आहे. हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटत नाही. पण ते एकदा खांबाला लागलं की टवका उडतो. आधी ईपीपीवर अंगठे तयार करा, मग तिकडे जा. मला स्वतःला तिकडे जायचंय.

किट घेताना दुकानात प्लायचा एक जादा तुकडा, दीड मिलिमीटरची कार्बन दांडी एक मीटर आणि दोन जादा प्रॉप त्याच वेळी मागून घ्या, नंतर फक्त प्रॉपसाठी ग्रँट रोडला उतरणं जिवावर येतं. मी गेल्या आठवड्यात दुसरं किट आणलंय, मुलीसाठी. तिने रंग निवडलाय, केशरी. या वेळी पंख चिकटवायच्या आधी मधोमध कापून कार्बनच्या दोन नळ्यांवर सरकता करणार आहे. आबांची चौकट माळ्यावरून काढली. नायक्रोमची तार गंजत नाही, पण चौकटीचं लाकूड फुगलंय, ती पुन्हा ताणायला आज संध्याकाळी बसणार.